गाडीच्या सायलेन्सरला बाहेरचे पाइप लावले तर नेमकं काय बदलतं? आवाज, पॉवर आणि कायदा, सगळं समजून घ्या

फोर्ड कंपनीत गाड्यांच्या इंजिनिअरिंगचे प्रमुख राहिलेले स्टीव्ह व्हॉन फोर्स्टर यांचा एक किस्सा खुद्द कंपनीनेच सांगितला आहे. ते आपली शेल्बी मस्टँग जीटी३५० घरातून बाहेर काढत होते. गाडी सुरू झाली, गुरगुरली आणि शेजाऱ्यांनी थेट पोलिसांना फोन लावला.

गाडीचा आवाज चाहत्यांना हवा असतो, पण शेजाऱ्यांना नको असतो. यावर तोडगा म्हणून फोर्डने २०१८ च्या मस्टँगमध्ये एक सोय दिली. मालकाने वेळ ठरवून ठेवायची, समजा रात्री ८ ते सकाळी ७. त्या वेळेत गाडी सुरू केली की ती आपोआप दबक्या आवाजात सुरू होते. कंपनीच्या आकड्यांनुसार व्ही-८ इंजिनचा सुमारे ८२ डेसिबलचा आवाज त्यामुळे ७२ डेसिबलवर येतो.

एकीकडे कंपनी आवाज कमी करायला डोकं लावते. दुसरीकडे त्याच गाडीचे कित्येक मालक आवाज वाढवायला गॅरेज शोधतात. कुणी मूळ सायलेन्सर तसाच ठेवून त्याला मोठे चकचकीत पाइप लावतं, कुणी सायलेन्सरच बदलतं, कुणी सगळं काढून टाकून सरळ पाइप टाकतं. रील्समध्ये हे तिन्ही प्रकार 'एक्झॉस्ट केला' या दोन शब्दांत संपतात. प्रत्यक्षात तिन्हींचा परिणाम वेगळा, खर्च वेगळा आणि कायद्याचा त्रासही वेगळा असतो.

म्हणूनच सायलेन्सरला बाहेरचे पाइप लावल्यावर नेमकं काय होतं, हे मस्टँगचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

मस्टँगच का?

मस्टँग ही अमेरिकेत १९६४ पासून विकली जाणारी स्पोर्ट्स कार. तिच्या सहाव्या पिढीत कंपनीने पहिल्यांदाच उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली मस्टँग कारखान्यातून बाहेर काढली. त्यामुळे २०१६ मध्ये ती अधिकृतपणे भारतातही आली. ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० हॉर्सपॉवर आणि एक्स-शोरूम किंमत ६५ लाखांच्या आसपास.

एक्झॉस्ट बदलण्याच्या बाबतीत ही जगातल्या सगळ्यात लोकप्रिय गाड्यांपैकी एक आहे. तिच्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे पाइप आणि मफलर ढिगाने मिळतात. शिवाय या गाडीत मागच्या बंपरखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन मफलर स्वच्छ दिसतात. त्यामुळे कुठला भाग काय काम करतो हे समजून घ्यायला ती सोपी आहे.

धूर इंजिनातून बाहेर कसा येतो?

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो, ती खरं तर एक लांबलचक साखळी असते. इंजिनकडून मागे येताना तिचे टप्पे असे:

१. मॅनिफोल्ड किंवा हेडर: प्रत्येक सिलिंडरमधून निघालेला गरम वायू इथे एकत्र येतो.

२. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅट': यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा थर असतो. कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू इथे बऱ्याच प्रमाणात निरुपद्रवी होतात. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचं झालं.

३. ऑक्सिजन सेन्सर: हे कॅटच्या आधी आणि नंतर बसवलेले असतात आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला माहिती देत राहतात.

४. रेझोनेटर: हा छोट्या डब्यासारखा भाग असतो. आवाजातल्या ठरावीक कर्कश लहरी मारणं हे त्याचं काम.

५. मफलर: हा मोठा डबा. आवाज सगळ्यात जास्त इथेच कमी होतो. आपल्याकडे सायलेन्सर म्हणतात तो हाच.

६. टेलपाइप आणि टिप: बंपरखालून दिसणारं शेवटचं तोंड.

व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात, त्यामुळे मस्टँगमध्ये ही साखळी दुहेरी आहे.

मफलरच्या पोटात काय असतं?

अनेकांचा समज असतो की मफलर म्हणजे पाइपात कोंबलेला बोळा. तो काढला की इंजिन मोकळा श्वास घेणार. पण मफलरचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात डब्याच्या आत पत्र्याचे कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाज म्हणजे दाबाच्या लहरी. त्या कप्प्यांच्या भिंतींवर आपटून परत फिरतात आणि मागून येणाऱ्या लहरींना भिडतात. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर पडला की दोन्ही एकमेकींना खोडतात. कप्प्याची लांबी किती, भोकं किती, यावर कुठला सूर खोडला जाणार आणि कुठला उरणार हे ठरतं.

दुसऱ्या प्रकारात मधोमध भोकांची एक सरळ नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतू किंवा तसंच उष्णता सहन करणारं भरण असतं. आवाज त्या भरणात शिरतो आणि त्याची उष्णता होते. वायूला वाट सरळ मिळते, पण आवाज तुलनेने कमी दबतो. बाहेर मिळणारे बरेचसे 'स्पोर्ट्स' मफलर या जातीचे असतात. काही वर्षांत आतलं भरण जळून किंवा उडून जातं आणि मफलर आणखी मोठ्याने वाजू लागतो.

२०१८ नंतरच्या मस्टँगमध्ये पर्याय म्हणून मिळणाऱ्या व्यवस्थेत तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे मोटरवर चालणारी झडप. झडप बंद असली की वायूला मफलरमधून वळसा घ्यावा लागतो आणि आवाज दबतो. उघडली की जवळची वाट मिळते आणि गाडी गरजते.

मस्टँगचा तो 'गुडगुड' आवाज येतो कुठून?

हा आवाज मफलरमध्ये तयार होत नाही. तो इंजिनातच जन्मतो.

मस्टँग जीटीच्या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-८-६-३-७-२ असा आहे. पहिले चार सिलिंडर एका रांगेत, पुढचे चार दुसऱ्या रांगेत. क्रम नीट पाहिला तर ८ आणि ६ हे एकाच रांगेतले सिलिंडर लागोपाठ पेटतात. तसंच २ नंतर पुन्हा १ येतो, तेही एकाच रांगेतले. म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाइपात ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन जवळ, मग मोठी फट, मग पुन्हा एक. त्या अडखळत्या तालाला आपला कान 'गुडगुड' म्हणून ओळखतो.

याउलट जीटी३५० च्या ५.२ लिटर इंजिनात क्रँकशाफ्टची रचनाच वेगळी आहे. तिथे ठोके दोन्ही बाजूंना आलटून पालटून पडतात, म्हणून ती गाडी वरच्या आरपीएमला फेरारीसारखी किंचाळते.

थोडक्यात, चार सिलिंडरच्या गाडीला कुठलाही पाइप लावला तरी ती व्ही-८ सारखी वाजणार नाही. पाइप आणि मफलर आवाज गाळतात, मोठा-लहान करतात. नवा आवाज तयार करत नाहीत.

मूळ मफलरला फक्त नवे पाइप लावले तर?

आता मुख्य प्रश्न. कंपनीचा मफलर तसाच आहे आणि त्याच्या मागच्या तोंडाला बाहेरची टिप किंवा थोडा लांब पाइप जोडला. काय होईल?

दिसणं नक्की बदलेल. २०१८ च्या आधीच्या मस्टँग जीटीला मागे दोन तोंडं होती, नंतरच्या मॉडेलला चार झाली. जुन्या गाडीचे मालक चार तोंडांचा पाइप लावतात ते मुख्यतः यासाठीच.

आवाजात फरक फार थोडा पडेल. लहरींची सगळी खोडाखोड मफलरमध्ये आधीच झालेली असते. रुंद तोंडामुळे आवाजाला थोडा खर्ज येऊ शकतो, पाइपाची दिशा बदलल्याने मागे उभ्या माणसाला तो वेगळा ऐकू येऊ शकतो. पण गाडीत बसलेल्याला बहुतेक वेळा काहीच कळणार नाही.

पॉवरमध्ये फरक पडणार नाही. वायूची खरी अडवणूक आधीच्या भागांत असते. शेवटच्या वीतभर पाइपाचं तोंड दुप्पट केलं तरी मागची वाट तेवढीच राहते.

एखादा दुकानदार नुसती टिप लावून 'पाच-दहा हॉर्सपॉवर वाढेल' असं सांगत असेल तर तिथून निघालेलं बरं.

ॲक्सल-बॅक, कॅट-बॅक म्हणजे काय?

बाजारात हे दोन शब्द सतत कानावर पडतात.

ॲक्सल-बॅक म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पलीकडचा सगळा भाग बदलणं. मस्टँगमध्ये दोन्ही मफलर तिथेच असल्यामुळे मफलरही बदलले जातात. आवाज चांगलाच वाढतो. पॉवर वाढलीच तर दोन-चार हॉर्सपॉवर, म्हणजे डायनो मशीनवर एकाच गाडीची दोनदा चाचणी घेतली तरी जेवढा फरक दिसू शकतो तेवढीच.

कॅट-बॅक म्हणजे कॅटच्या मागचं सगळं बदलणं. पाइप, रेझोनेटर, मफलर, टिप, सगळं. इथे पाइपाचा व्यासही वाढवता येतो. सव्वादोन इंचाऐवजी अडीच इंचाचा पाइप टाकला तर व्यास पाव इंचच वाढतो, पण वायूच्या वाटेचं क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढतं.

अमेरिकेत हे शब्द रुळण्यामागे कायदाही आहे. तिथल्या क्लीन एअर ॲक्टनुसार कॅटला हात लावणं बेकायदा आहे. म्हणून विक्रेते 'आम्ही कॅटच्या मागचंच बदलतो' हे नावातच सांगतात.

मोठा पाइप म्हणजे जास्त पॉवर?

दरवेळी नाही.

इंजिनमधून वायू सलग बाहेर पडत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो. दाबाचा प्रत्येक ठोका पुढे सरकताना मागे कमी दाबाची जागा सोडतो. हेडरमधल्या पाइपांची लांबी आणि व्यास जमून आले तर ती जागा पुढच्या सिलिंडरमधला उरलेला वायू ओढून घ्यायला मदत करते. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला तर वायूचा वेग कमी होतो आणि ही मदत घटते. अशी गाडी वरच्या आरपीएमला थोडी मोकळी वाटेल, पण सिग्नलवरून निघताना आधीपेक्षा मंद वाटू शकते.

'इंजिनला बॅकप्रेशर लागतंच' हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. तेही पूर्ण खरं नाही. उलटा दाब इंजिनच्या कामाचा नाही. कामाचा आहे तो वायूचा वेग. पाइप फार बारीक असला की दाब वाढतो, फार जाड असला की वेग जातो. कंपनी या दोन्हींच्या मधला व्यास निवडते.

टर्बो गाड्यांचं गणित वेगळं आहे. उदाहरणार्थ, पुण्याजवळ चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं हे टर्बो इंजिन आपल्याकडे ट्युनिंगवाल्यांचं लाडकं. टर्बोचं चक्र एक्झॉस्टच्या वायूनेच फिरतं आणि त्यात आवाजाचा बराचसा भाग आधीच खर्च होतो. चक्राच्या मागचा अडथळा कमी केला तर पॉवरमध्ये खरा फरक पडू शकतो. पण तो अडथळा मुख्यतः टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये असतो आणि कॅटही तिथेच असतं. म्हणजे जिथे हात घातल्याने खरी पॉवर मिळते, नेमकं तिथेच कायद्याचं कुंपण आहे.

हायवेवर डोकं का दुखतं?

एक्झॉस्ट बदललेल्या गाड्यांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे 'ड्रोन'. शहरात मस्त वाटणारा आवाज हायवेवर ठरावीक वेगाला कानात घुमायला लागतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर एक-दीड तास तो ऐकला की म्युझिक सिस्टीमही नकोशी वाटते.

याचं कारण साधं आहे. चार स्ट्रोकच्या व्ही-८ इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला चार सिलिंडर पेटतात. १८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेरे, म्हणजे १२० ठोके. हा १२० हर्ट्झचा घुमारा गाडीच्या केबिनमधल्या हवेशी आणि पत्र्याशी जुळला की सगळी गाडीच ढोलासारखी घुमते. कंपनीने मफलर आणि रेझोनेटरच्या मापात नेमका हा सूर मारलेला असतो. बाहेरच्या मफलरमध्ये तो परत येतो.

यावर उपाय आहे. पाइपाला एका बाजूने बंद असलेली ठरावीक लांबीची फांदी जोडतात. त्रासदायक लहर त्या फांदीत जाऊन परत येते आणि मूळ लहरीला खोडते. फांदीची लांबी त्या लहरीच्या एक चतुर्थांश लागते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला तर १२० हर्ट्झसाठी ती साधारण एक मीटर येते. गाडीखाली एवढी जागा शोधणं सोपं नसतं. म्हणून स्वस्त किटमध्ये ही फांदी सहसा नसते.

पाइप बसवताना काय पाहावं?

मूळ मफलरला टिप किंवा पाइप जोडायचाच असेल तर काम फार अवघड नाही. पण घाई नडते.

माप: मफलरच्या बाहेर आलेल्या नळीचा बाहेरचा व्यास आणि नव्या पाइपाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजावा. नवा पाइप जुन्यावर घट्ट सरकला पाहिजे. फट राहिली तर क्लॅम्प कितीही आवळला तरी गळती होते.

क्लॅम्प की वेल्डिंग: क्लॅम्प लावला तर उद्या काढता येतो. वेल्डिंग पक्कं असतं, पण परत फिरायची वाट बंद होते. मस्टँगसारख्या गाडीत मूळ टिप कापून काढावी लागली तर तो निर्णय कायमचाच. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगावं. वेल्डिंगच्या करंटमुळे गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग खराब होऊ शकतात.

बंपरपासूनचं अंतर: पाइप तापतो आणि तापला की लांबतो. इंजिन रबरी माउंटवर हलतं, त्यासोबत पाइपही हलतो. थंड गाडीत बंपरला जेमतेम न लागणारी टिप घाटात तापून बंपरचं प्लास्टिक वितळवू शकते. चारही बाजूंनी किमान बोटभर मोकळी जागा हवी.

वजन: मफलर रबरी हँगरवर लटकलेला असतो. जाड, जड पाइप जोडला की रबरावर ताण येतो, मफलर खाली झुकतो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला घासतो.

धातू: कंपन्या बहुतेक वेळा ४०९ ग्रेडचं स्टील वापरतात. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला चुंबक चिकटतो आणि वरवर गंज धरतो. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते जास्त टिकतं. कोकण, गोवा, मुंबई अशा खाऱ्या हवेत हा फरक दोन पावसाळ्यांत दिसतो. गंज आतूनही लागतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांब प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत मफलरमध्येच साचतं. मफलरच्या तळाला असलेलं बारीक भोक हे पाणी गळून जाण्यासाठी असतं. ते वेल्डिंगने बुजवू नये.

झडप: मूळ मफलरला मोटरची झडप असेल तर तिची वायर आणि हालचाल अडकता कामा नये. झडप असलेला मफलरच काढून साधा बसवला तर डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागू शकतो.

काम झालं की थंड गाडी सुरू करून सांध्यांवर साबणाचं पाणी टाकावं. बुडबुडे आले तर गळती आहे.

जिवावर बेतणारी चूक कोणती?

एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, अशी सुरुवात होते आणि माणसाला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही.

म्हणून पाइपाचं तोंड गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत यायलाच हवं. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते. तोंड बंपरच्या आत राहिलं, जमिनीकडे वळलं किंवा एखादा सांधा गाडीच्या पोटाखाली गळत असला, तर तो वायू डिकीच्या रबरातून, वायरिंगच्या भोकांतून आत शिरू शकतो. कॅटही काढलेलं असेल तर या वायूचं प्रमाण आणखी वाढतं. एक्झॉस्टचं काम केल्यावर गाडीत धुराचा वास आला, तर 'नवीन पाइप आहे, जाईल दोन दिवसांत' म्हणून सोडून देऊ नये.

कायदा काय म्हणतो?

जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोड रोलर फिरवतात, हे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिलेत. त्यात जास्त करून बुलेटचे सायलेन्सर असतात. पण कायदा दुचाकी आणि चारचाकी दोन्हींना लागू आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. म्हणजे मफलर काढून सरळ पाइप टाकणं तिथेच संपलं.

प्रवासी कारसाठी आवाजाची मर्यादा २००५ पासून ७४ डेसिबल आहे. ती नवीन मॉडेलच्या चाचणीत, गाडीच्या वाटेपासून ७.५ मीटर अंतरावर माइक ठेवून मोजली जाते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार आवाज किंवा प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्सवर गदा येऊ शकते. जागेवर भरायची रक्कम राज्यं ठरवतात, त्यामुळे हातात पडणाऱ्या चलनाचा आकडा वेगळा असू शकतो. कलम १८२-ए (४) मालकासाठी आहे. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही.

मग नुसती टिप लावली तर? मफलर आणि कॅट शाबूत असतील, आवाज वाढला नसेल आणि पाइप बंपरबाहेर धोकादायकरीत्या आला नसेल, तर आवाज-प्रदूषणाची ही कलमं लागण्याचं कारण उरत नाही. मफलर बदलला की मात्र आवाज मर्यादेत आहे हे पटवून देण्याची वेळ मालकावर येते.

'हा अमेरिकेत लीगल आहे' या दाव्यात दम आहे का?

अनेक विक्रेते कॅलिफोर्नियाचं नाव घेतात. तिथे बहुतेक कारसाठी ९५ डेसिबलची मर्यादा आहे, मग आपल्याकडची ७४ ची मर्यादा किती कडक, असं वाटतं. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या अंतरावरचे आहेत. कॅलिफोर्नियात उभ्या गाडीच्या पाइपापासून जेमतेम अर्ध्या मीटरवर माइक धरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरचे ९५ डेसिबल साडेसात मीटरवर पोहोचेपर्यंत ७१-७२ च्या घरात येतात. चाचणीची पद्धतही वेगळी आहे, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण '९५ चालतं' म्हणत ७.५ मीटरवर ९५ डेसिबल आवाज करणारी गाडी तिथेही पकडली जाईल. २०१९ पासून तर कॅलिफोर्नियात 'दुरुस्त करून आणा' एवढ्या समजेवर न सोडता थेट दंड सुरू झाला.

युरोपही कडक होत चाललाय. तिथे साध्या कारसाठीची मर्यादा २०१६ नंतर टप्प्याटप्प्याने ७२ वरून ६८ डेसिबलवर आणण्यात आली. पद्धत वेगळी असली तरी दिशा एकच आहे.

डेसिबलचं गणितही लक्षात ठेवायला हवं. १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आपल्याकडे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत परिसरातल्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री साडेअकराला सोसायटीत शिरणारी एक मोठ्या आवाजाची गाडी पहिल्या मजल्यावरच्या बाळापासून सातव्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना उठवते.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे फक्त बाहेरचा पार्ट लावला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे दाखवावं लागतं. भारतात असा थेट कायदा नाही, इथे वॉरंटीच्या पुस्तिकेत जे छापलंय ते महत्त्वाचं. विमा कंपनीला न कळवता केलेले बदल अपघाताच्या क्लेमच्या वेळी अडचणीचे ठरू शकतात. बदल केला असेल तर लेखी कळवणं आणि मूळ पार्ट जपून ठेवणं, हे दोन्ही स्वस्तातले उपाय आहेत.

गॅरेजमध्ये जाण्याआधी हे चार प्रश्न विचारा

माझ्या गाडीत नेमका कुठला भाग बदलणार? टिप, मफलर की त्याच्याही आधीचं काही?

कॅट आणि सेन्सर जागेवर राहणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर काम देऊ नये.

पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल का? क्लॅम्प असेल तर हो, कापून वेल्डिंग असेल तर नाही.

हायवेच्या वेगाला आवाज कसा आहे? उभ्या गाडीत रेस देऊन ऐकलेला आवाज फसवा असतो. तोच मफलर लावलेल्या दुसऱ्या गाडीत बसून १०० च्या वेगाने एक फेरी मारून यावी.

फक्त गाडी मागून छान दिसावी एवढीच हौस असेल तर मूळ मफलरला चांगली टिप लावून काम भागतं. आवाज हवा असेल तर मफलरला हात घालावा लागेल, आणि तिथून पुढे डेसिबल, ड्रोन आणि चलन तिन्ही सोबत येतात. पॉवर हवी असेल तर ती शेवटच्या पाइपात नाही. ती शोधायला इंजिनच्या जवळ जावं लागतं, आणि त्या वाटेवर कॅट बसलेलं आहे.